विहिरी-तळ्यांतील शेवाळ आणि त्याचा बंदोबस्त

गोव्यातील अनेक वाड्यांवर नळ आल्यापासून विहिरींचा उपसा कमी झाला. एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणी अपुरे पडू लागले म्हणजे लोकांचे पाय पुन्हा जुन्या बांयीकडे वळतात आणि तेव्हा दृष्टीस पडते ते पाण्यावरील हिरवे आच्छादन. मग कोणी डबाभर ब्लीचिंग पावडर आत ओततो, कोणी मोरचूद टाकतो. हे दोन्ही उपाय खरे. परंतु अंदाजाने केलेले उपाय अपायकारक ठरतात.

शेवाळास दोनच गोष्टी हव्या असतात : ऊन आणि खाद्य. गोठ्यातून येणारे शेणपाणी, काठावरील धुण्याचे सांडपाणी, कुळागरातील खत, तळीत सोडलेले निर्माल्य यांतून नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात. सबब कठडा, ओटा, सांडपाण्याची मोरी व वरचे झाकण हाच खरा बंदोबस्त होय. बाकी सारे तात्पुरते.

प्रथम पाण्यात काठी फिरवून पाहावी. धाग्यांसारखे गुंडाळून आले, तर ते साधे तंतुमय शेवाळ. रंग सांडल्याप्रमाणे काठीस माखले, तर ते निळे-हिरवे शेवाळ असण्याचा संभव असतो. याच्या काही जाती विष निर्माण करतात व ते पाणी उकळूनही जात नाही. असे पाणी माणसांनी पिऊ नये, गुरांनाही पाजू नये. आरोग्य केंद्रास कळवावे. औषध टाकून हे शेवाळ मारले असता पेशी फुटून विष उलट पाण्यातच मिसळते.

साधे शेवाळ आधी जाळीने काढावे व कडा घासून घ्याव्यात, कारण शिल्लक राहिलेला गाळ व शेवाळ क्लोरीन खाऊन टाकतात. त्यानंतर मात्रा ठरवावी. दर 1000 लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असल्यास ते सुमारे 28,000 लिटर भरते; त्यास 70 ग्रॅम पावडर लागेल. डबाभर नव्हे! पावडर बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे ठेवावी, वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडून ढवळावे. खालचा चुना आत टाकू नये, त्याने पाणी जड होते. हे काम सायंकाळी करावे, कारण उन्हात क्लोरीन लवकर नाहीसा होतो. तासाभराने दर लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. शाळेतील विज्ञानशिक्षकांना ही तपासणी विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीचा जोर ओसरलेला असतो, हे पंचायतीच्या भांडारपालांनी ध्यानात ठेवावे.

मोरचुदाचा शेवाळावरील उपयोग अमेरिकेत मूर व केलरमन यांनी 1904 मध्ये प्रसिद्ध केला. तो प्रभावी आहे, पण मासळीस घातक. पाणी मृदू असल्यास अधिकच. शिवाय तळीतील सारे शेवाळ एकदम मेले तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि वाचलेली मासळीही पहाटे पृष्ठभागावर तोंडे काढून तडफडते. म्हणून मासळी असलेल्या तळीत मोरचूद तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून टाकू नये. तेथे जाळीने शेवाळ काढणे, कष्टाचे असले तरी, अधिक सुरक्षित. काढलेले शेवाळ काठावर न ठेवता दूर खतखड्ड्यात टाकावे. नाहीतर पहिल्याच पावसात त्यातील खाद्य पुन्हा पाण्यात उतरते.