फिरत्या घराचे टायर

अमेरिकेत ज्याला ‘मोटरहोम’ म्हणतात, ते फिरते घर म्हणजे बिछाने, ओटा, न्हाणीघर आणि पाण्याच्या टाक्या असा अवघा संसार पाठीवर घेतलेले अवजड वाहन होय. आणि सुटीच्या दिवसांत ते महामार्गांवरून कितीही धावले, तरी वर्षाचा बहुतेक काळ अंगणात अथवा भाड्याच्या तळावर निश्चल उभे असते. या दीर्घ विश्रांतीचा परिणाम ध्यानात न घेता जो मालक केवळ नक्षीची खोली पाहून टायरांची पारख करतो, त्याची तेथेच फसगत होते. कारण मालमोटारीचा टायर झिजून गोटा होतो म्हणून बदलावा लागतो, तर फिरत्या घराचा टायर नक्षी जवळजवळ नवी असतानाच वयाने बाद होतो.

वातावरणातील ओझोन आणि सूर्याची अतिनील किरणे यांपासून रबराचे रक्षण व्हावे म्हणून त्यात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो व पुन्हा पूर्ववत होतो, आणि या हालचालीमुळे ती द्रव्ये आतून पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की हा ओघ मंदावतो, बाजूच्या भिंतीवर सूक्ष्म भेगा उमटतात, आणि आतील थरांची परस्परांवरील पकड सैल होत जाते, ती तर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणूनच पाच वर्षांनंतर दरसाल जाणकाराकडून तपासणी करवून घ्यावी आणि दहा वर्षांची मुदत भरताच टायर कसाही दिसत असला तरी काढून टाकावा, असे मिशेलिन कंपनी सांगते. टायरचे वय त्याच्या भिंतीवरच कोरलेले असते: २००० सालापासून तेथील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखवतात, म्हणजे ‘३५१९’ याचा अर्थ २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. आपल्याकडील मोटारींच्या टायरांवरही हे चार अंक असतात. गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर दुकानात नवा म्हणूनच विकला जाऊ शकतो. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी या अंकांची खातरजमा करण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी बाब बोजाची. नुसत्या अंदाजाने टायर घेणे मला सर्वाधिक धोक्याचे वाटते. टाक्या भरून, सामानसुमान लादून, माणसे बसवून, म्हणजे प्रवासाला निघताना असते तशाच स्थितीत गाडी वजनकाट्यावर न्यावी, आणि शक्य असेल तर प्रत्येक चाकावरचे वजन वेगळे घ्यावे. कारण शीतकपाट आणि पाण्याची टाकी एकाच अंगाला असली की डाव्या-उजव्या बाजूंत मोठी तफावत पडते. मग कंपनीच्या तक्त्यावरून त्या वजनाला किती हवा लागते ते पाहावे, आणि एका आसावरच्या सर्व टायरांत अधिक बोजाच्या बाजूला लागेल तेवढाच दाब ठेवावा. मागील आसावर जोडीने बसणाऱ्या टायरांची क्षमता एकट्या टायरपेक्षा कमी धरतात: लहान मोटरहोमला सर्रास लागणारा २२५/७५ आर १६ मापाचा, ‘ई’ श्रेणीचा टायर ८० पौंड दाबाला एकटा १,२१५ किलो पेलतो, जोडीत मात्र १,१२० किलोच. हवा कमी पडली तर भिंत अधिक वाकते, वाकण्याने उष्णता वाढते, आणि उष्णतेने थर सुटू लागतात.

माप जुळले म्हणजे टायर योग्य ठरला, या समजुतीची भयंकर किंमत गुडइयर कंपनीच्या ‘जी १५९’ या टायरच्या प्रकरणात मोजली गेली. १९९६ ते २००३ या काळात बनलेला, २७५/७० आर २२.५ मापाचा हा टायर मूळचा शहरांत माल पोचवणाऱ्या वाहनांच्या जातीचा; तो महामार्गावर दीर्घकाळ वेगाने धावणाऱ्या मोटरहोमना बसवला गेला. ताशी ५५ ते ६५ मैल वेगाला तो विलक्षण तापतो, असे दर्शवणारे कंपनीचे चाचणी-अहवाल अपघातग्रस्त कुटुंबाने लावलेल्या दाव्यात वेळेवर पुढे आले नाहीत, आणि त्याबद्दल झालेल्या दंडाच्या रकमेचा वाद २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या टायरांमुळे आठ मृत्यू आणि ६९ जण जखमी झाल्याचा निष्कर्ष तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने काढला. दोषाचा इन्कार करीतच कंपनीने २०२२ साली सुमारे १,७३,००० टायर परत मागवण्याचे मान्य केले, तोवर शेवटचा टायर बनूनही जवळजवळ दोन दशके लोटली होती. तेव्हा मापाबरोबरच बोजाची श्रेणी, कमाल वेगमर्यादा आणि टायर कोणत्या कामासाठी घडवला आहे, हे तिन्ही तपशील पाहावेत. ‘एसटी’ अक्षरांचा टायर मागे ओढल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी असतो, तो मोटरहोमला स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

टायर बदलताना हवेचे वॉल्व्हही बदलावेत, आणि उच्च दाबासाठी ते रबराऐवजी धातूचे असावेत. जोडीतल्या आतल्या टायरपर्यंत हात पोचत नाही म्हणून त्याची हवा तपासण्याची टाळाटाळ होते, आणि तो निम्मा रिकामा झाला तरी बाहेरचा टायर दोघांचा भार मुकाट्याने ओढत तापत राहतो. म्हणून खर्चात आणखी थोडी भर घालून प्रत्येक चाकाचा दाब चालकाला सतत दाखवणारे उपकरण त्याच दिवशी बसवून घ्यावे.