शिंपल्यांच्या चुन्याचा कस कसा पाहावा?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जांभ्या जमिनी बहुतांशी आम्लधर्मी आहेत. पावसाळ्यातील अतिवृष्टीने त्यांतील चुना व मॅग्नेशियम धुपून जातात. भुईमूग व कडधान्ये यांसारख्या पिकांना अशा जमिनीत चुना दिल्यास लाभ होतो. भातखाचरात पाणी साचले म्हणजे आम्लता आपोआप कमी होते. म्हणून तेथे चुन्याची निकड तितकी नसते.

मालवणच्या किनाऱ्यावर व खाड्यांच्या काठी तिसऱ्या, कालवे यांच्या शिंपा मिळतात. त्या मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. परंतु दळलेल्या भुकटीत वाळू किती मिसळली आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. वाळू आम्लता घालवीत नाही. तिचे पैसे मात्र शेतकऱ्यास मोजावे लागतात. म्हणून चुन्याचा कस पाहणे अगत्याचे ठरते.

शिंपांची भुकटी पाण्यात विरघळत नाही व आम्लात सावकाश विरघळते. त्यामुळे तिचे सरळ अनुमापन करता येत नाही. शेवटचा बिंदू नेमका सापडत नाही. यावर उपाय म्हणजे उलट अनुमापन. बाजारास जाताना पैसे मोजून न्यावेत आणि परतल्यावर उरलेले मोजून खर्च काढावा, तसाच हा हिशेब आहे.

रीत: सुकविलेली बारीक भुकटी १ ग्रॅम अचूक तोलून चंबूत घ्यावी. तीवर ०.५ प्रसामान्य हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर हळूहळू घालावे. फेस ओसरल्यावर सुमारे ५ मिनिटे मंद उकळावे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघून जाईल. थंड झाल्यावर फिनॉल्फथॅलिनचे दोनतीन थेंब टाकून ब्यूरेटमधून ०.५ प्रसामान्य कॉस्टिक सोडा सोडावा. फिकट गुलाबी रंग टिकताच थांबावे.

समजा, सोडा १४ मिलिलिटर लागला. म्हणजे तितकेच आम्ल उरले होते व ३६ मिलिलिटर भुकटीने खर्चिले. येथे खर्चिलेले प्रत्येक मिलिलिटर ०.०२५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचे द्योतक आहे. ३६ × ०.०२५ = ०.९० ग्रॅम, म्हणजे कस ९० टक्के. सोडा २६ मिलिलिटर लागल्यास कस ६० टक्केच भरेल. सोडा जितका अधिक लागेल, तितका चुना हलका, हे ध्यानात ठेवावे.

माती परीक्षणाने शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट ५ क्विंटल लागेल असे ठरले, तर ९० टक्के कसाची भुकटी सुमारे ५.५६ क्विंटल, तर ६० टक्क्यांची ८.३३ क्विंटल घालावी लागेल. खरेदीपूर्वी दर याच प्रमाणात पडताळावा.

भुकटीचा बारीकपणा या परीक्षेत कळत नाही. जाड तुकडे जमिनीत फार सावकाश काम करतात. म्हणून भुकटी चाळून पाहावी. चुना व अमोनियम सल्फेट एकत्र मिसळू नयेत. त्याने अमोनिया उडून नत्र वाया जाते.

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा करता येईल. आम्ल व सोडा दोन्ही दाहक असल्याने डोळे व हात जपावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चुन्याच्या प्रत्येक ढिगातील निरनिराळ्या ठिकाणचा नमुना घेऊन तो तपासून घ्यावा आणि मगच शेतकऱ्यांस खरेदीचा सल्ला द्यावा.