‘प्रोटेस्टंट’ म्हणजे निषेधक की साक्षीदार?

आज नाताळ. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा मंगल दिवस. वसईच्या जुन्या चर्चमधून काल मध्यरात्री मिस्सा झाली असेल. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, ख्रिस्तमंडळ्यांतून आज सकाळी उपासना होईल. सण एकच, परंतु विधी दोन तऱ्हांचे. असे का, म्हणून विचारावे, तर ‘वसईचे ते कॅथॉलिक आणि नगरचे बहुतेक प्रोटेस्टंट’ असे उत्तर मिळते आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो तेथेच सुरू होतो. रोमन कॅथॉलिक म्हटले की पोपला मानणारा, एका शिस्तीने बांधलेला समाज डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘प्रोटेस्टंट’ या शब्दामागे मात्र सर्वांना मान्य असे एक पीठ नाही, एक धर्मगुरू नाही, एक पूजाविधीही नाही. मग हे नाव कोणाचे?

शब्दाची फोड

शब्दाचा विचार करताना आधी त्याची व्युत्पत्ती पाहावी, असा शास्त्राचा दंडक आहे. इंग्रजी ‘प्रोटेस्ट’ म्हणजे निषेध, म्हणून प्रोटेस्टंट म्हणजे निषेध करणारा, असे आपण सहज धरून चालतो. परंतु मूळ लॅटिन भाषेत ‘तेस्तिस’ म्हणजे साक्षीदार आणि ‘तेस्तारी’ म्हणजे साक्ष देणे. त्याला ‘प्रो’ हा उपसर्ग लागून ‘प्रोतेस्तारी’ हे क्रियापद सिद्ध होते. चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे उघडपणे सांगणे, हा त्याचा अर्थ. निषेधाचा अर्थ पुढे बळावला. व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान हे आम्हांस मान्य आहे. तथापि येथे रूढीने मूळ अर्थ इतका झाकला आहे, की या पंथीयांकडे पाहण्याची आपली दृष्टीच एकांगी झाली आहे.

स्पायरची सभा

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जर्मनीतील विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आपली ९५ विधाने मांडली. १५२१ मध्ये साम्राज्यसभेने त्याला बहिष्कृत ठरविले. पुढे १५२६ साली स्पायर नगरातील सभेने एकमताने असे ठरविले, की प्रत्येक राजाने आपापल्या प्रदेशात ईश्वराला आणि सम्राटाला जाब देता येईल अशा रीतीने वागावे. तीन वर्षांनी, एप्रिल १५२९ मध्ये, त्याच नगरात भरलेल्या सभेत बहुमताच्या बळावर हा निर्णय फिरविण्यात आला. त्या वेळी सहा राजे आणि चौदा नगरे यांनी आपले म्हणणे लेखी नोंदविले. एकमताने झालेला ठराव केवळ बहुमताने मोडता येत नाही, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा अधिक मोलाचा: ईश्वराचा मान आणि आत्म्याचे तारण यांच्या बाबतीत प्रत्येकाला स्वतःच ईश्वरापुढे उभे राहून जाब द्यावयाचा आहे, तेथे इतरांच्या संख्येचा आधार घेता येत नाही. या लेखाला ‘प्रोतेस्तात्सिओ’ म्हणत. अल्पमतात पडलेल्यांनी आपली बाजू नोंदवून ठेवण्याची ती तत्कालीन कायद्यातील रूढ रीत होती. त्यावरून हे लोक प्रोटेस्टंट ठरले. ते स्वतः मात्र स्वतःला ‘एव्हँगेलिश’, म्हणजे शुभवर्तमानाचे अनुयायी, म्हणवून घेत. जर्मनीत आजही तोच शब्द चालतो.

‘आहे’ या एका शब्दावरून

या मंडळींत समान असे काही होते. धर्मशास्त्राचे प्रामाण्य पोप आणि परंपरा यांच्याहून श्रेष्ठ. तारण हे मनुष्याच्या पुण्यसंचयाने नव्हे, तर श्रद्धेच्या द्वारे ईश्वराच्या कृपेने. आणि श्रद्धावान मनुष्य व ईश्वर यांच्यामध्ये पुरोहितरूपी मध्यस्थाची आवश्यकता नाही. ही तीन सूत्रे सर्वांना मान्य. परंतु सूत्र एक असले तरी भाष्ये अनेक होतात, हे वेदान्ताचा इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको.

त्याच १५२९ सालच्या ऑक्टोबरात मारबुर्गच्या गढीत ल्यूथर आणि झुरिचचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले. पंधराव्यावर गाडे अडले. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर हाती घेऊन ती आपले शरीर आहे असे म्हटले. त्यातील ‘आहे’चा अर्थ काय? ल्यूथरने ते शब्द खडूने मेजावर लिहिले आणि त्यांवरून तो हटला नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर ल्यूथर अभिधावादी होता. झ्विंग्लीने लक्षणेचा आश्रय केला. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले असता आपण गंगेचा तीर समजतो, त्याप्रमाणे येथे ‘आहे’ म्हणजे ‘दर्शविते’ असे समजावे, हे त्याचे मत. ज्या वर्षी सामायिक नाव मिळाले, त्याच वर्षी एका क्रियापदावरून दोन पंथ वेगळे झाले.

नाताळविषयीचा वाद

खुद्द आजच्या सणाची कथाही अशीच आहे. ल्यूथरने नाताळ आनंदाने ठेवला आणि त्यासाठी गीते रचली. कॅल्व्हिनच्या परंपरेतील स्कॉटलंडने मात्र १६४० साली नाताळची सुटी कायद्याने रद्द केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत प्युरिटनांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. स्कॉटलंडात तर नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली. दोघांचेही प्रमाण बायबलच. परंतु शास्त्राने जे निषिद्ध केले नाही ते ठेवण्यास हरकत नाही, असे ल्यूथरचे अनुयायी म्हणत. उपासनेत जे विहित नाही ते टाकलेच पाहिजे, असे प्युरिटन म्हणत. विधी आणि निषेध यांच्या मधला हा प्रांत मीमांसकांच्या ओळखीचा आहे.

साक्षीची कसोटी

आता एक कटू सत्य. स्पायरच्या ज्या सभेत सद्सद्विवेकाची ही साक्ष नोंदली गेली, त्याच सभेने अ‍ॅनाबॅप्टिस्टांना देहान्ताची शिक्षा फर्माविली. जाणत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेने घेतलेला बाप्तिस्माच खरा, असे हे लोक मानीत. या फर्मानाला प्रोटेस्टंट राजांनीही संमती दिली. त्याआधी, जानेवारी १५२७ मध्ये, झ्विंग्लीच्याच झुरिचमध्ये फेलिक्स मान्झ या अ‍ॅनाबॅप्टिस्टाला लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले होते. स्वतःसाठी मागितलेला अधिकार दुसऱ्यास नाकारला, की साक्ष पोकळ होते. ही कसोटी केवळ ख्रिस्ती पंथांना लागू नाही. टाळ खांद्यावर घेणाऱ्या आम्हांलाही ती लागू आहे.

इंग्लंडची गोष्ट आणखी निराळी. तेथील राजा प्रोटेस्टंट धर्म राखण्याची शपथ घेतो; ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सनेही ती घेतली. परंतु त्याच अँग्लिकन पंथातील एक मोठा वर्ग आपण पुरातन कॅथॉलिक परंपरेचेच आहोत असे मानतो आणि प्रोटेस्टंट हे नाव नाकारतो. उलटपक्षी, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या पोपची सत्ता मानीत नाहीत, म्हणून त्यांना कोणी प्रोटेस्टंट म्हटले तर ती चूक ठरेल. त्यांची वाट ल्यूथरच्या कितीतरी आधी वेगळी झाली होती. सारांश, पोपला न मानणे एवढ्याने हे लक्षण पुरे होत नाही.

महाराष्ट्रातील धागा

आपल्याकडे १८१३ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशन आले ते काँग्रिगेशनल पंथाचे, त्यामागून स्कॉटिश प्रेस्बिटेरियन आले, अँग्लिकन होतेच. आमच्या कीर्तनाची रीत एकोणिसाव्या शतकातच नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी आपलीशी केली. संस्कृत विद्येसाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेल्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तो अँग्लिकन मठवासिनींच्या सहवासात. परंतु एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी तेथील आपल्या गुरुभगिनीला स्पष्ट कळविले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. ही दोघे मिशनऱ्यांपुढेही निर्भयपणे उभी राहिली. प्रोटेस्टंट शब्दाचा मूळ अर्थ मराठी मातीत पाहावयाचा असेल, तर तो येथे दिसतो.

दुरावा सांधण्याचे कार्यही येथे घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेतील मेथॉडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल संयुक्त मंडळी अशा सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यात बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा हे दोन्ही मान्य केले आहेत. ज्या भेदापायी झुरिचला माणूस बुडविला, तो नागपूरला एका छताखाली नांदला. सारेच त्यात आले नाहीत. अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. मारबुर्गला तुटलेला धागा युरोपातील ल्यूथरच्या आणि कॅल्व्हिन-झ्विंग्लीच्या परंपरेतील मंडळ्यांनी १९७३ साली लॉयनबर्ग येथे जोडला, म्हणजे तब्बल ४४४ वर्षांनी. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे लुथरन आणि कॅथॉलिक यांनीही तारणाच्या मूळ सिद्धान्ताविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

म्हणून आज कोणा ख्रिस्ती स्नेह्याच्या घरी फराळाला जाल, तेव्हा ‘तुम्ही कॅथॉलिक की प्रोटेस्टंट’ एवढे विचारून थांबू नये. त्यांच्या मंडळीचे नाव विचारावे, त्यांच्या उपासनेची रीत समजून घ्यावी. त्यांचा विरोध कशाला आहे, यापेक्षा ते कशाची साक्ष देतात, हे ऐकावे. शेजाऱ्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणे हाही सणाचा एक विधी आहे. सर्व ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.