प्रेम केले, पण मान खाली घातली नाही

मुलगी कॉलेजात जाऊ लागली, सभा-मोर्चांत बोलू लागली, की घरातली वडीलधारी माणसे हळूच सांगतात, "पोरी, एवढे तोंड उघडू नकोस. उद्या तुला कोण पत्करील?" हे बोल फक्त आपल्याच वस्तीत ऐकू येतात असे आम्हाला वाटत होते. पण अमेरिकेतल्या एका गाजलेल्या प्रेमकथेचा सारा पेच ह्याच प्रश्नाभोवती फिरतो.

'द वे वुई वेअर' हा तो चित्रपट. १९७३ साली तो आला. दिग्दर्शक सिडनी पोलॅक, नायिका बार्ब्रा स्ट्रायसँड आणि नायक रॉबर्ट रेडफर्ड. संगीत व गीत मिळून त्याला दोन ऑस्कर पारितोषिके लाभली. १६ सप्टेंबर २०२५ रोजी रेडफर्ड यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना हा चित्रपट पुन्हा आठवला. लोक त्याला रडवणारी प्रेमकथा म्हणतात. आम्हाला मात्र त्यात आणखी काही दिसले, तेच आमच्या भगिनींना आणि बांधवांना सांगावयाचे आहे.

कथा १९३७ च्या सुमारास एका कॉलेजात सुरू होते. केटी मोरॉस्की ही गरीब ज्यू घरातली मुलगी. हॉटेलात गिऱ्हाइकांच्या टेबलावर खाणे पोचवून ती शिक्षणाचा खर्च भागवते आणि उरलेल्या वेळात साम्यवादी तरुणांच्या संघटनेचे काम करते. स्पेनमध्ये फ्रँकोच्या फौजा लोकांनी निवडलेले सरकार उलथू पाहत होत्या, त्याविरुद्ध ती भरसभेत बोलते. पोरे ऐकू लागतात, आणि तेवढ्यात तिच्या पाठीमागे टवाळीच्या पाट्या उभ्या राहतात. सगळे मैदान हसते. हबल गार्डिनर हा त्याच कॉलेजातला देखणा, खेळाडू, सुखवस्तू तरुण. वर्गात उत्तम म्हणून वाचली जाते ती त्याची गोष्ट. रात्र-रात्र जागून लिहिलेली स्वतःची गोष्ट केटी फाडून टाकते. कष्ट करूनही मागे राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

युद्धकाळात न्यूयॉर्कमध्ये दोघांची पुन्हा गाठ पडते आणि प्रेम जुळते. मग एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारतात. मंदीच्या दिवसांत गरिबाच्या हाताला काम मिळावे म्हणून योजना काढणारा हा माणूस. केटीला घरचे माणूस गेल्यासारखे दुःख होते. त्याच सुमारास हबलच्या श्रीमंत मित्रांच्या बैठकीत रूझवेल्ट दांपत्यावर विनोद चालतात. केटी भडकते, सर्वांसमोर त्यांना सुनावते. हबलला लाज वाटते ती मित्रांची नव्हे, केटीची! तिने बैठकीचा रंग बिघडवला, एवढेच त्याला दिसते.

हा प्रसंग पाहताना आमच्या मनात ६ डिसेंबर आला. ज्या माणसाने आपल्याला माणूस केले, त्याच्यावर चहाच्या टेबलाशी थट्टा व्हावी आणि आपण ओठ मिटून हसावे, असा प्रसंग कचेरीत नोकरी करणाऱ्या आमच्या किती मुला-मुलींवर येतो! समोरच्याला ती गंमत असते. आपल्याला ते आपले जगणे असते. केटी आणि हबल यांच्यातला खरा फरक मतांचा नाही, तो हा आहे. राजकारण बाजूला ठेवणे हबलला परवडते, कारण त्यावाचून त्याचे काही अडत नाही.

तरीही दोघे लग्न करतात आणि हॉलिवूडला जातात. १९४७ साली तेथे अमेरिकन संसदेच्या समितीची चौकशी सुरू झाली. तुम्ही साम्यवादी आहात काय, होता काय, असे प्रश्न विचारले गेले. उत्तर देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांना पुढे तुरुंगवास घडला. अनेकांची नावे काळ्या यादीत गेली आणि त्यांची रोजीरोटी बुडाली. ह्या चित्रपटाचे लेखक आर्थर लॉरेंट्स यांनीही त्या यादीचा जाच सोसला होता. गरोदर केटी निषेधासाठी वॉशिंग्टनला जाते. हबलचे म्हणणे, तत्त्वांपेक्षा माणसे मोठी. केटीचे म्हणणे, तत्त्वांवाचून माणूस उरतोच कुठे? पुढे हबल दुसऱ्या स्त्रीकडे वळतो आणि मुलगी जन्मल्यावर दोघे वेगळे होतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. मूळ चित्रणात असे होते की, कॉलेजातला एक जुना सोबती चौकशीत केटीचे नाव सांगतो. तिनेही इतरांची नावे सांगावीत, नाहीतर हबलचे काम जाईल, असा पेच पडतो. ती कोणाचेही नाव सांगत नाही, नवऱ्याच्या पोटावर पाय नको म्हणून घटस्फोटाचा विचार स्वतःच पुढे करते. प्रदर्शनापूर्वीच्या खेळानंतर दिग्दर्शकाने हा भाग कापला. मग लोकांना वाटले, नवरा बहकला म्हणून संसार मोडला. बाईचा त्याग कात्रीखाली गेला! स्ट्रायसँड यांना ही सल कायम राहिली. चित्रपटाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२३ मध्ये, ती दृश्ये पुन्हा जोडलेली प्रत निघाली.

केटीचा पक्ष आमचा नव्हे. बाबासाहेबांनी १९५६ साली काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसेचा मार्ग नाकारला होता. शिवाय केटीचेही चुकते. ती सतत शिकवते, टोकते, नवऱ्याला आपल्या मनासारखा घडवू पाहते. सम्यक वाचा घरातही पाळावी लागते.

पण संसार कशावर टिकतो, हे तथागतांनी सिगालोवाद सुत्तात स्वच्छ सांगितले आहे. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे. सर्वांची मते एक असावीत, अशी अट तेथे नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही स्त्रियांना हाच धडा दिला होता, की पत्नीने पतीची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे. हबल केटीवर प्रेम करतो, पण चारचौघांत तिच्या बाजूने उभा राहत नाही.

आमचा आंतरजातीय विवाहाला विरोध नाही, उलट जात मोडण्याचा तो मार्ग बाबासाहेबांनीच दाखवला. भिन्न मतांच्या माणसांनीही खुशाल लग्न करावे. फक्त आधी एवढे पाहावे: आपल्या घरच्या भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर त्याच्या घरी लागेल काय? त्याच्या मित्रांनी थट्टा केली तर तो काय करील? आणि हे आमच्या मुलांनाही लागू आहे. बायको सभेला निघाली, तर आपण चूल सांभाळू काय?

शेवटी वर्षांनंतर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दोघे भेटतात. हबल आता दूरदर्शनसाठी लिहितो. केटी अणुबॉम्बविरोधी पत्रके वाटत असते. तिने दुसरा संसार मांडला आहे, मुलीला चांगला बाप मिळाला आहे. ती हबलच्या कपाळावरचे केस मायेने मागे सारते आणि पुन्हा पत्रके वाटू लागते.

"तुला कोण पत्करील?" ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. बोलणाऱ्या मुलीलाही पत्करणारा भेटतो. म्हणून बोलणाऱ्या लेकीला घरच्यांनी गप्प करू नये.