फिन्स : पोहणाऱ्याच्या पायातले अवजार

आमच्या लहानपणी बदलापुरात पोहायला शिकायचे ते उल्हास नदीत, पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून. दोन उन्हाळे मी असा मोठ्या ऐटीत पोहलो. एके दिवशी डोहाच्या मध्यावर दोरी सुटली आणि मी दगडासारखा तळाकडे निघालो. काठावर धुणे धुणाऱ्या एका बाईने लुगड्याचे टोक फेकले म्हणून वाचलो. आजवर पोहत होता तो डबा, मी नव्हे, हे त्या दिवशी कळले.

हल्ली कात्रपमधली काही मंडळी तरण तलावावर जाताना बदकाच्या पंजासारखे रबरी फिन्स नेतात. हे डब्याचेच नवे रूप की काय, असा प्रश्न साहजिकच पडतो.

कल्पना तशी जुनी आहे. साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या कारागिराचा मुलगा बेंजामिन फ्रँकलिन याने अठराव्या शतकात, पोरवयातच, हातात धरायच्या लाकडी फळ्या केल्या. वेग वाढला, पण मनगटे थकू लागली. तळपायाला बांधलेल्या फळ्यांनीही त्याचे समाधान झाले नाही. पुढे १९३३ साली फ्रान्सच्या नौदलातील अधिकारी लुई द कोर्लिये यांनी रबरी फिन्सचे पेटंट घेतले. अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी १९४० च्या सुमारास ते विक्रीस आणले, आणि दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या सैनिकांनी ते वापरले.

यातले शास्त्र सोपे आहे. थोडे पाणी जोराने उडवण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश मागे लोटणे काटकसरीचे असते. फिन्समुळे पावलाचे क्षेत्र वाढते आणि तेवढ्याच कष्टात शरीर अधिक पुढे जाते. पाय बुडेनासे झाले की शिकणाऱ्याला श्वासाकडे व हातांकडे लक्ष देण्यास सवड मिळते.

दुसरा लाभ घोट्याचा. वयाने आणि कामाने घोटे आखडलेली आमची कामगार मंडळी पाण्यात पाय आपटतात, पण जागची हलत नाहीत. कारण पाऊल मागे ताणले जात नाही. फिन्स ते प्रत्येक फटक्याला हळूच ताणतात. शिवाय लाथ कमरेपासून मारायची असते. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय हलवले, तर ती चूक फिन्स ताबडतोब जाणवून देतात. मांड्यांना व दमाला व्यायाम होतो तो वेगळाच.

आता पथ्ये. सरावासाठी आखूड पात्याचे फिन्स घ्यावेत. लांब पाती पाणबुड्यांसाठी. टाचेला ते घट्ट बसावेत, पण काचू नयेत. पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटे पुरेत, नाहीतर पोटरीत गोळा येतो. आलाच तर काठ धरून पायाची बोटे नडगीकडे ओढावीत. बेडकी पद्धतीने पोहताना फिन्स घालू नयेत. गुडघ्यावर वेडावाकडा ताण येतो. गुडघ्याचे वा घोट्याचे जुने दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. काठावर फिन्स घालून चालणे टाळावे. चालावेच लागले तर उलटे चालावे. आणि मुख्य म्हणजे, एक फेरी फिन्सने केली की पुढची फेरी फिन्सशिवाय करावी. पहिल्या फेरीत शिकलेले दुसरीत उतरले तरच ते आपले.

कारण वेग फसवा असतो. स्पर्धेच्या पोहण्यात फिन्सना मनाई आहे ती उगाच नव्हे. मुरलीकांत पेटकर यांचे कमरेखालचे बळ १९६५ च्या युद्धातील गोळ्यांनी गेले होते. तरीही १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले. त्यांना पाण्यात पुढे नेले ते कसबाने.

म्हणून तरुणांना हात जोडून सांगतो : तलावात मिळालेला हा उसना वेग घेऊन पावसाळ्यात उल्हास, बारवी किंवा कोंडेश्वरच्या पाण्यात उतरू नका. ओढीच्या पाण्यात फिन निसटला की पुन्हा माझ्या डब्याचीच गत.

युनियनच्या कामात एक गोष्ट मी शिकलो. अवजाराने माणसाचे कसब वाढले पाहिजे. त्याने माणसाची जागा घेता कामा नये. फिन्सनाही हीच कसोटी लावावी. ते काठावर काढून ठेवून तलावाच्या त्या टोकाला जाऊन परत येता आले, तर अवजार कामी आले असे समजावे.