उदासी दोन आठवडे हटली नाही तर

परीक्षेच्या किंवा नोकरीच्या ताणाने चार दिवस झोप उडाली तर तो आजार नव्हे. पण दोन आठवडे रोजच उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नाही, भूक मेलीय, पहाटेच जाग येतेय, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ‘मन घट्ट कर’ हा घरचा सल्ला इथे कुचकामी.

मनोविकारतज्ज्ञ औषधं लिहून देतात, मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. अनेकांना दोन्ही लागतात. पहिल्या भेटीत प्रश्न साधेच असतात: झोप, भूक, काम, व्यसन, घरात कुणाला असा त्रास होता का. आत्महत्येचे विचार येतात का, हेही विचारतील, लपवू नका. कधी थायरॉईडची रक्ततपासणीही सांगतात, कारण त्याच्या बिघाडातही असाच थकवा येतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तरुण मंडळी नेमकी इथेच घाई करतात. फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून (हे जास्त) गोळी परस्पर बंद! डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं करू नये.

दवाखान्याची पायरी चढवत नसेल तर १४४१६ वर ‘टेली-मानस’ला फोन करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.