माळ्यावरचा वारा

घर बांधताना आपण दारे-खिडक्या मोजून घेतो. परंतु कौलांखाली जो माळा उरतो, त्याच्या वाऱ्याची काळजी सहसा कोणी वाहत नाही. त्याची आठवण होते ती वैशाखात, खालच्या खोलीत रात्री झोप येईनाशी झाल्यावर. किंवा पावसाळा सरताना, रब्बीच्या पेरणीसाठी राखलेल्या ज्वारीच्या पोत्यास बुरशीचा वास येऊ लागल्यावर. त्या पोत्यात कुटुंबाचे पुढले वर्ष असते. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नव्हे.

धारवाडहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर केलगेरी लागते. येथून पश्चिमेस मलनाडाचा पाऊस, तर पूर्वेस कोरडे मैदान. मैदानी मुलखात मातीच्या माळवदाची घरे; उजेड येण्यास व धूर जाण्यास त्यांच्या छपरातच झरोका ठेवीत. पावसाळी बाजूस मात्र उतरती छपरे. 1865 साली बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौले दूरवर पसरली. या कौलांच्या फटींतून वारा आपोआप खेळतो. आज कित्येक जण गळती थांबविण्यासाठी कौलांखाली प्लास्टिकचा कागद अंथरतात, किंवा कौले उतरवून पत्रे घालतात. गळती थांबते, पण छपराचा श्वासही कोंडतो.

अशा वेळी प्रथम सुचतो तो विजेचा पंखा. आम्हीही एकदा हवा बाहेर फेकणारा पंखा माळ्याच्या भिंतीत बसविला. झाले ते उलटेच! माळ्यास बाहेरून हवा येण्यास वाट नव्हती. तेव्हा पंख्याने ती जिन्याच्या तोंडातून, म्हणजे खालच्या स्वयंपाकघरातून ओढली. चुलीचा धूर व भाताची वाफ थेट धान्यावर गेली. दोष पंख्याचा नव्हता. आमच्या विचाराचा होता.

त्यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो : हवेस बाहेर काढण्यापूर्वी तिला आत येण्याची वाट द्यावी. ऊन हवा हलकी होऊन वर चढते. म्हणून वळचणीपाशी खाली प्रवेशाची भोके आणि आढ्यापाशी वर निघण्याची वाट, अशी जोडी हवी. दोन्ही वाटा एकाच उंचीवर असल्या, तर वारा पडलेल्या दिवशी हवा जागीच राहते. जिन्याच्या तोंडास घट्ट झाकण हवे, हे निराळे सांगणे नको.

माप किती असावे? अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाचा 150 वा भाग मोकळा ठेवावा, असे एक प्रमाण आहे. आपल्याकडे तो कायदा नाही, परंतु अंदाजास उपयोगी आहे. 20 फूट लांब व 15 फूट रुंद माळ्यास 2 चौरस फूट मोकळी जागा लागेल. निम्मी खाली, निम्मी वर. उंदीर व वटवाघळे येऊ नयेत म्हणून जाळी लावावीच. मात्र जाळीच्या तारा जागा अडवितात, म्हणून भोक थोडे मोठे ठेवावे.

आपल्याकडे पावसाळ्यात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या भोकास खाली कललेल्या पट्ट्यांची झडप व पुढे आलेली वळचण असावी. आढ्यासाठी वायुवीजनाची खास कौले असतात. पत्र्याच्या छपरावर वाऱ्याने फिरणारा घुमट बसविता येतो. त्यास वीज लागत नाही.

काम झाल्यावर, ज्या दुपारी वारा पडलेला असेल त्या दुपारी, वळचणीच्या भोकापाशी बाहेरून उदबत्ती धरून पाहावी. धूर आत ओढला गेला, तर माळा श्वास घेऊ लागला असे समजावे. मात्र पोती, कडबा व गोणपाट यांपासून उदबत्ती दूर ठेवावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. तापलेल्या पत्र्याची धग केवळ वाऱ्याने जात नाही. त्यासाठी खाली लाकडी तक्तपोशी हवी. बियाण्याची पोतीही भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवावीत. एवढे केले, तर पेरणीच्या दिवशी पोते सोडताना गृहिणीच्या नाकास कोरड्या ज्वारीचाच वास येईल.